जुने सागवान आणि नवशिक्याचा हात

वाडवडिलांकडून चालत आलेल्या लाकडी सामानाविषयी मराठी मध्यमवर्गीय घरांतून हल्ली एक सल्ला सर्रास ऐकू येतो. ज्याला सुतारकामाचा गंध नाही त्याने जुन्या फर्निचरला हात लावू नये, ते जाणकार पॉलिशवाल्याच्या स्वाधीन करावे, आणि तेवढा खर्च परवडत नसेल तर मोडीत काढून नवे घ्यावे, असा त्याचा आशय असतो. असा सल्ला अंतर्गत सजावटकार देतात, फर्निचरचे व्यापारी देतात, आणि ज्या घरात ते सामान दोन-तीन पिढ्या वापरले गेले त्या घरातली वडील माणसेही देतात. त्यांच्या मनातली काळजी खोटी नाही. अडाणी हाताने चांगली वस्तू बिघडते, हा अनुभव कोणत्याही धंद्यात येतो. तथापि जुन्या सागवानी आणि शिसवी सामानाला हा अनुभव जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि त्याची कारणे त्या सामानाच्या घडणीतच आहेत. पुण्यातले वाडे आणि मुंबईतल्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होत असताना असे सामान ज्या वेगाने भंगाराच्या गाडीवर चढते आहे, तो पाहता या सल्ल्याचा प्रतिवाद लांबणीवर टाकण्यासारखा राहिलेला नाही.

प्रथम विषयाची कक्षा ठरवली पाहिजे. येथे संग्रहालयात शोभेल अशा वस्तूंचा विचार नाही. प्लायवुड आणि सनमायका घरोघरी पोहोचण्यापूर्वी गावातल्या किंवा पेठेतल्या सुताराने अखंड लाकडातून घडवलेली आरामखुर्ची, लिहिण्याचे टेबल, चौरंग, देवघर, झोपाळ्याची फळी, दूधदुभत्याचे जाळीचे कपाट, अशा रोजच्या वापरातल्या सामानाचा आहे. त्यातले सागवान कधी ब्रह्मदेशातून आलेले असते, तर कधी चंद्रपूर-बल्लारशाच्या जंगलांतले, म्हणजे व्यापारात अजूनही ‘सी. पी. टीक’ या जुन्या मध्य प्रांताच्या नावाने ओळखले जाणारे. असे सामान ‘नव्याने पॉलिश करणे’ या शब्दांत तीन वेगळी कामे मिसळलेली असतात. वर साचलेला मळ काढणे हे पहिले काम, आहे त्या पॉलिशची डागडुजी करून त्यावर नवे पुट चढवणे हे दुसरे, आणि सगळे पॉलिश खरवडून उघड्या लाकडापासून सुरुवात करणे हे तिसरे. नवशिक्याला दूर ठेवू पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त तिसरे काम असते, आणि वादातला पहिला घोटाळा तेथेच होतो. कारण घरोघरच्या जुन्या सामानाला बहुधा पहिल्या दोन कामांचीच गरज असते, आणि ती दोन्ही नवशिक्याच्या आवाक्यातली आहेत.

ती आवाक्यात का आहेत हे समजण्यासाठी जुने पॉलिश कशाचे असते ते पाहावे लागते. ते बहुतांशी लाखेचे असते. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे वस्ती करतात आणि अंगातून पाझरणाऱ्या राळेचे कवच स्वतःभोवती तयार करतात. हे कवच खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे केले की त्यांना चपडा म्हणतात. भारत हा या मालाचा जगातला एक प्रमुख उत्पादक देश असून रांचीजवळ नामकूम येथे 1924 साली केवळ लाखेच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली, यावरून या मालाचे त्या काळचे महत्त्व ध्यानात यावे. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवला की स्पिरिट पॉलिश तयार होते, आणि मलमलीच्या फडक्यात कापूस बांधून केलेल्या पुरचुंडीने तेच पॉलिश अनेक पातळ पुटांनी चोळून चढवले की त्या पद्धतीला फ्रेंच पॉलिश असे नाव आहे. हे पॉलिश वाळते ते केवळ स्पिरिट उडून गेल्यामुळे. लाख मागे उरते आणि ती मूळचीच लाख असते. म्हणूनच पन्नास वर्षांपूर्वीचे पुटही आज स्पिरिटच्या ओल्या फडक्याने मऊ पडते, आणि त्यावर चढवलेले नवे पुट जुन्यात विरघळून एकजीव होते. या एका गुणधर्मावर प्रस्तुत वादाचा बराचसा निकाल अवलंबून आहे. नवशिक्याच्या हातून पॉलिशचा ओघळ राहिला, फडक्याचा धागा चिकटला, एक कोपरा जाड आणि दुसरा पातळ झाला, तरी दुसऱ्या दिवशी स्पिरिटने तेवढा भाग पुसून काम पुन्हा करता येते. चूक दुरुस्त होऊ शकते अशा ठिकाणीच माणसाने शिकावे, हे तत्त्व मान्य असेल, तर लाखेच्या पॉलिशइतके शिकण्यास योग्य काम घरात दुसरे सापडणे कठीण आहे.

याउलट, जाणकाराच्या हाती सामान सोपवल्यावर प्रत्यक्षात काय होते याचा विचार सल्ला देणारे करत नाहीत. पुरचुंडीने पॉलिश चोळणारे जुने कारागीर आजही आहेत आणि त्यांच्या कामाला तोड नाही. परंतु ठेकेदारामार्फत येणारे काम बहुधा वेगळ्या पद्धतीने होते. विजेवर चालणाऱ्या घासयंत्राने जुने पॉलिश आणि त्याखालचा लाकडाचा थर एकदमच उडवला जातो, भेगा आणि खिळ्यांची भोके लांबीने, म्हणजे रंगाऱ्याच्या भरावाने, बुजवली जातात, रंग सारखा दिसावा म्हणून वर गडद रंगद्रव्य फिरवले जाते, आणि शेवटी पीयूची फवारणी होते. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन: लाकडी सामानासाठी ते बहुधा मूळ द्रव आणि त्याला कडक करणारे रसायन अशा दोन भागांत येते, ते मिसळल्यावर रासायनिक क्रिया होऊन जो थर तयार होतो तो पुन्हा स्पिरिटमध्ये किंवा थिनरमध्ये विरघळत नाही. पाण्याला आणि उष्णतेला तो लाखेपेक्षा पुष्कळ अधिक टिकतो, हे निःसंशय आहे, आणि रोज पाणी सांडणाऱ्या जेवणाच्या टेबलासाठी त्याची निवड कोणी केली तर तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यावर ओरखडा उमटला, की तेवढाच भाग सुधारण्याची सोय उरत नाही. सगळा पृष्ठभाग घासावा लागतो, आणि प्रत्येक घासण्यात लाकूड थोडे थोडे कमी होते. नक्षीकामाच्या कडा, खुर्चीच्या हाताची गोलाई, सुताराच्या रंध्याने टेबलाच्या खालच्या बाजूला उठलेल्या हलक्या लाटा, हे सर्व त्या घासण्यात नाहीसे होते आणि कोणत्याही रसायनाने परत येत नाही.

रंगाच्या बाबतीत तर नुकसान अधिकच गंभीर असते. जुन्या सागवानाचा तो गडद, तांबूस-सोनेरी रंग पॉलिशमध्ये असतो असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः त्यातला मोठा भाग लाकडाच्या वरच्या पातळ थरात असतो आणि तो हवा आणि उजेड यांच्या वर्षानुवर्षांच्या संपर्काने तयार झालेला असतो. नुकतेच रंधलेले सागवान फिके, पिवळसर, कधी हिरवट छटेचे दिसते. उजेडात ठेवल्यावर ते हळूहळू गडद होते. यंत्राने अर्धा मिलिमीटर लाकूड उडवले की तो थरच गेला, आणि मग ‘जुन्यासारखा’ रंग आणण्यासाठी त्यावर डब्यातले रंगद्रव्य फासावे लागते. ज्यांनी आजोबांच्या टेबलाचा रंग जपावा म्हणून ते जाणकाराकडे पाठवले, त्यांना टेबल परत मिळते, पण रंग बाजारातला मिळतो.

नवशिक्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते, हे एका आरामखुर्चीवर पाहता येईल. लांब हातांची, वेताच्या विणीची ही खुर्ची कोकणातल्या आणि गोव्यातल्या ओसरीवर हमखास दिसते. तिची पाठ जेथे डोक्याला टेकते त्या आडव्या पट्टीवर काळा, किंचित चिकट थर साचलेला असतो, आणि सामान्यतः त्यालाच ‘पॉलिश जळले’ असे म्हटले जाते. मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर फिरवला की तो पहिल्या फेरीतच काळपट तपकिरी होतो. तिसऱ्या-चौथ्या बोळ्यावर रंग उतरू लागतो आणि खाली पॉलिशची झाक दिसते. तो काळा थर म्हणजे केसांचे खोबरेल तेल, घाम आणि घरातली धूळ यांचा मिळून झालेला मळ होता, आणि टर्पेंटाइन लाखेला धक्का न लावता तेवढाच मळ उचलते. त्यानंतर दृष्टीआड जागेवर, म्हणजे बैठकीच्या खालच्या बाजूला, स्पिरिटचा एक थेंब टाकून अर्ध्या मिनिटाने बोट लावले आणि पृष्ठभाग चिकट लागला, तर ते लाखेचे पॉलिश. स्पिरिटने काही झाले नाही आणि थिनरने मऊ पडले, तर ते बहुधा लॅकर, म्हणजे नंतरच्या काळात फवाऱ्याने मारले जाऊ लागलेले पॉलिश. दोहोंनीही ढिम्म हलले नाही, तर वर तेलाचे वॉर्निश किंवा पीयू आहे असे समजावे. खुर्चीच्या हातांवर, जेथे पंजे टेकतात तेथे, पॉलिश झिजून लाकूड करडे पडलेले असते. पायांवर मात्र ते शाबूत असून त्यात फक्त बारीक भेगांचे जाळे दिसते. म्हणजे संपूर्ण खुर्ची खरवडण्याची गरज नाही. पायांवर स्पिरिटने ओला केलेला मऊ ब्रश एकदा फिरवला की भेगाळलेली लाख विरघळून पुन्हा समतल बसते, आणि हातांवर बारीक पॉलिश पेपर, 220 किंवा त्याहून वरच्या क्रमांकाचा, लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलकेच फिरवून पातळ पॉलिशची चार-सहा पुटे दिली की काम झाले. एक लिटर स्पिरिटला सुमारे सव्वाशे ते दीडशे ग्रॅम चपडा एवढे पातळ मिश्रण नवशिक्याला सोयीचे पडते, कारण ते लवकर वाळते आणि त्याचा ओघळ सहसा राहत नाही.

या सगळ्यात कौशल्य लागत नाही असे नाही. पुरचुंडी किती ओली असावी, ती पृष्ठभागावर थांबू न देता कशी उचलावी, हे हातालाच कळावे लागते, आणि आरशासारखी चमक आणण्याचे काम वर्षानुवर्षांच्या सरावाचे आहे. परंतु घरातल्या आरामखुर्चीला आरशाची चमक मुळातच नको असते. नवशिक्याच्या हाताने जे साधते ते मंद, एकसारखे, बोटांना गुळगुळीत लागणारे पॉलिश, आणि अशा सामानाला तेच शोभते. लाखेचे मिश्रण जुने झाले की नीट वाळत नाही, म्हणून ते थोडे थोडेच करावे. आणि पावसाळ्यात हवेतला दमटपणा ओल्या थरात शिरून पॉलिश पांढुरके पडते, म्हणून हे काम दिवाळीनंतर होळीपर्यंतच्या कोरड्या दिवसांत काढावे. एवढे दोन नियम पाळणे कोणत्याही साक्षर माणसाला जमण्यासारखे आहे.

सांध्यांच्या बाबतीतही हेच सांगता येईल. जुन्या सामानाचे सांधे, म्हणजे एका लाकडाचे कोरलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून केलेली जोडणी, बहुधा सरसाने चिकटवलेले असतात. सरस हा जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून काढलेला चिकट पदार्थ असून तो गरम पाण्याने मऊ पडतो. त्यामुळे खिळखिळा झालेला सांधा न तोडता सोडवता येतो, खाच साफ करता येते आणि पुन्हा चिकटवता येतो. मात्र जुना सरस पुरता काढल्याशिवाय वर फेविकॉल ओतला तर तो धरत नाही, कारण पांढऱ्या गोंदाला उघडे लाकूड लागते. खरा घात होतो तो सांध्यात खिळा ठोकल्याने: लाकूड चिरते, खिळा गंजतो, आणि पुढच्या वेळी तो सांधा सुटत नाही, तुटतो. आश्चर्य हे की, जुन्या खुर्च्यांमध्ये सापडणारे असे खिळे क्वचितच घरच्या माणसाने मारलेले असतात. ते घाईने उरकलेल्या दुरुस्तीचे असतात.

येथपर्यंतच्या प्रतिपादनाचा अर्थ नवशिक्याने काहीही करावे असा घेतला जाऊ नये. काही ठिकाणी त्याने थांबलेच पाहिजे, आणि प्रस्तुत सल्ला देणाऱ्यांनी त्या ठिकाणांचा नेमका उल्लेख केला असता तर त्यांच्याशी वाद घालण्याचे कारण उरले नसते. त्यातले सर्वांत महत्त्वाचे ठिकाण म्हणजे रंगवलेले जुने सामान. पाळणे, पाट, खिडक्यांच्या फळ्या, लहान मुलांच्या खुर्च्या यांवर जो जुना तेलरंग असतो त्यात शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. भारतात घरगुती रंगांमधील शिशाचे प्रमाण दर दशलक्ष भागांत 90 भागांच्या आत आणणारे नियम 2016 साली झाले आणि 1 नोव्हेंबर 2017 पासून अमलात आले, म्हणजे त्यापूर्वीच्या रंगाची खात्री कोणी देऊ शकत नाही. असा रंग कोरडा घासला की शिशाची धूळ घरभर पसरते आणि तिचा सर्वाधिक धोका लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला असतो. म्हणून जुन्या रंगावर पॉलिश पेपर चालवू नये, घरात मूल किंवा गरोदर स्त्री असताना तर मुळीच नाही. लाकडाची साधी धूळही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत 1995 सालीच घातली आहे, तेव्हा घासताना नाकातोंडावर चांगला मास्क हवा. जवसाचे तेल वापरले असेल तर त्याची फडकी चुरगाळून टोपलीत टाकू नयेत, कारण ते तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि गोळा केलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून मग टाकावीत.

एकोणिसाव्या शतकात मुंबईत कोरीव शिसवी फर्निचरची जी खास परंपरा होती, तिच्यातली एखादी वस्तू कोणाच्या घरी असेल तर तिला अर्थातच अनुभवी हातच हवा. वरचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या, म्हणजे व्हीनिअरच्या, सामानाचेही तसेच, कारण आजकालचा पापुद्रा अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो आणि चार फेऱ्या जास्त घासल्या की खालचे प्लाय उघडे पडते. लाकडाखाली बारीक पिठासारखी भुकटी रोज नव्याने पडत असेल, तर आत पोखरणारे भुंगेरे जिवंत आहेत असे समजून आधी त्यांचा बंदोबस्त करावा. हे भुंगेरे बहुधा खोडाच्या बाहेरच्या फिक्या भागात, म्हणजे रसकाष्ठात राहतात, आतल्या गडद मध्यकाष्ठात सहसा शिरत नाहीत, त्यामुळे चांगल्या सागवानाचे नुकसान वाटते त्याहून कमी असते.

दुसरा आक्षेप मूल्याचा आहे. जुने पॉलिश काढले की वस्तूची पुराणवस्तू म्हणून असलेली किंमत जाते, असे सांगून काही जाणकार घरच्या माणसाला स्वच्छतेपासूनही परावृत्त करतात. या समजाला बीबीसीवर 1979 पासून चालत आलेल्या ‘अँटिक्स रोडशो’ या कार्यक्रमाने आणि त्याच्या अमेरिकन आवृत्तीने मोठी चालना दिली. मूळचे पॉलिश असते तर किंमत कितीतरी पट आली असती, हे वाक्य तेथे वारंवार ऐकू आले. लाकडाच्या पॉलिशवर दीर्घकाळ लिहिणारे अमेरिकन लेखक बॉब फ्लेक्सनर यांनी या प्रचाराला ठामपणे विरोध केला आहे, आणि तो योग्य आहे. अठराव्या शतकातल्या नामांकित कारागिराच्या मोजक्या वस्तूंना जो नियम लागू होतो, तो सर्वसाधारण घरगुती सामानावर लादला तर लोक त्याची निगा घेणेच सोडून देतात, आणि निगा न घेतलेले सामान शेवटी फेकले जाते. नाशिकच्या किंवा साताऱ्याच्या घरातल्या सागवानी टेबलाला लिलावाचा बाजार नाही; त्याची किंमत ते वापरले जाण्यात आहे.

जतनाच्या विचाराचा इतिहासही नवशिक्याच्या विरोधात साक्ष देत नाही. 1877 साली लंडनमध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी जी संस्था स्थापन केली, तिला तिच्या सभासदांनीच ‘खरवडविरोधी’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले होते, कारण जुन्या चर्चच्या भिंती खरवडून त्यांना ‘मूळ रूप’ देण्याच्या लाटेविरुद्ध ती उभी होती. ही खरवड करणारे लोक अडाणी नव्हते; ते त्या काळचे शिकलेसवरलेले, नावाजलेले वास्तुविशारद होते. जुनी वस्तू नवी दिसावी ही हाव तिचा घात करते, आणि ती हाव हौशी माणसाला जितकी असते तितकीच व्यावसायिकाला असते. फरक एवढाच की व्यावसायिकाच्या हातात यंत्र असते, आणि काम एका दिवसात उरकायचे असते.

तिसरा आक्षेप कारागिरांच्या पोटाचा आहे, आणि तो मनापासून घेतला जातो म्हणून त्याचे उत्तरही तितक्याच गांभीर्याने दिले पाहिजे. घरच्या माणसानेच पॉलिश केले तर पॉलिशवाल्याने काय करावे, असे विचारले जाते. परंतु स्पिरिट पॉलिशचे कारागीर बेकार झाले ते घरच्या माणसाने पुरचुंडी हातात घेतल्यामुळे नव्हे. गिऱ्हाइकाला चोळलेल्या आणि फवारलेल्या पॉलिशमधला फरक कळेनासा झाला, दोन दिवसांच्या कामाला आठ दिवसांचे पैसे का द्यायचे हे उमगेनासे झाले, आणि मग कारागिरांनी पोटासाठी फवारा हातात घेतला. ज्याने स्वतः एका स्टुलाला सहा पुटे दिली आहेत, त्याला पुढे शिसवी कपाटासाठी चांगला कारागीर शोधताना मजुरीत घासाघीस करावीशी वाटत नाही, कारण त्या मजुरीत काय आहे हे त्याच्या खांद्याला ठाऊक झालेले असते. वेताच्या विणीविषयीही असेच म्हणता येईल: ती अनेक ठिकाणी अंध कारागीर करतात, आणि लाकूड सांभाळणारा माणूसच फाटलेली बैठक काढून प्लायची फळी ठोकण्याऐवजी त्यांच्याकडे जातो.

या आक्षेपाच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे, जी सहसा बोलली जात नाही. सुतार हा बलुतेदार होता, त्याचे काम त्याच्या जातीचे होते, आणि पांढरपेशा घरातल्या माणसाने रंधा किंवा पटाशी हातात धरणे हे पिढ्यान्‌पिढ्या कमीपणाचे मानले गेले. ‘हे आपले काम नव्हे’ या वाक्यात अनुभवाच्या अभावाची कबुली जेवढी असते, तेवढाच हा जुना संकोचही असतो. 1937 च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण देण्याची जी योजना मांडली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जिचा आराखडा केला, तिच्या मुळाशी हाच संकोच मोडण्याचा विचार होता. शाळांमधून हस्तव्यवसायाचा तास पुढे नावापुरता उरला, आणि सुताराच्या हत्याराशी कधीच ओळख न झालेल्या पिढ्या मोठ्या झाल्या. त्यांना ‘तुला जमणार नाही’ असे सांगणे म्हणजे त्यांच्यावर झालेला अन्याय पक्का करणे होय.

राहिला पैशाचा प्रश्न. जुने सांभाळण्यापेक्षा नवे स्वस्त पडते, हे वरवर खरे आहे, पण तुलना कशाशी होते ते पाहिले पाहिजे. त्या पैशात मिळणारे नवे टेबल लाकडाच्या भुशाचे किंवा चुऱ्याचे, राळेने दाबून केलेल्या फळ्यांचे असते. तळाशी पाणी लागले की ते फुगते, स्क्रू एकदा निखळला की पुन्हा धरत नाही, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत ही दोन्ही संकटे लवकर येतात. त्यातल्या चिकट द्रव्यात बहुधा फॉर्माल्डिहाइड असते, ज्याला उपरोक्त कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली कर्करोगकारक ठरवले आहे आणि जे नव्या फळ्यांतून घरातल्या हवेत मिसळत राहते. सागवानी टेबल असे टाकाऊ होत नाही. त्याचा पाय मोडला तर पाय बदलता येतो. ब्रह्मदेशाने 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, शिसमाच्या संपूर्ण वंशाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2017 पासून नियंत्रणाखाली आला, आणि आपल्याकडच्या जुन्या जंगलांतले मोठे सागवान सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यातून केव्हाच गेले. घरातल्या टेबलात जे लाकूड आहे, त्या प्रतीचे लाकूड आज बहुतेकांना कोणत्याही दुकानात विकत मिळणार नाही.

ज्यांच्या घरात असे सामान आहे त्यांनी भंगारवाल्याला बोलावण्यापूर्वी, आणि ठेकेदाराला फोन लावण्यापूर्वीही, सुरुवात टेबलापासून न करता एखाद्या स्टुलापासून किंवा चौरंगापासून करावी. ते उलटे करून खालचे लाकूड आणि सांधे पाहावेत, आधी टर्पेंटाइनने मळ काढावा, स्पिरिटच्या थेंबाने पॉलिशची जात ओळखावी, आणि रंगाच्या दुकानातून पाव किलो चपडा आणून थोडेच मिश्रण तयार करावे. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. काम चालू असताना आणि पॉलिश वाळेपर्यंत त्या खोलीत निरांजन, उदबत्ती किंवा गॅस पेटता असू नये, कारण स्पिरिट झटकन पेट घेते. दोन पुटांमध्ये घाई करू नये. स्टूल मनासारखे झाले नाही तर स्पिरिटने पुसून पुन्हा करावे, आणि ते झाल्याशिवाय आरामखुर्चीला हात घालू नये.